मान कुणी मागायचा? – एका गाण्याचे दोन आवाज

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यास-शिबिरात, गाण्यांवरच्या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)



आत्ता तुम्ही एकापाठोपाठ एक दोन गाणी ऐकलीत. दोन्ही इंग्रजी, दोन्ही अमेरिकेतली, दोन्ही अडीच मिनिटांच्या आतली. शब्द कळले नाहीत तरी दोन गोष्टी सगळ्यांच्या लक्षात आल्या असतील. पहिलं गाणं पुरुषानं गायलंय, दुसरं बाईनं. आणि दोन्हींत एकच शब्द सारखा सारखा येतो – ‘रिस्पेक्ट’. म्हणजे मान. मग हे गाणं एक की दोन? आज मला याच प्रश्नावर बोलायचं आहे.

तुम्ही म्हणाल, आपल्या वस्त्यांत पाण्याचा, रेशनचा, मारहाणीचा प्रश्न असताना हे अमेरिकेतलं गाणं कशाला? कारण गाण्याशिवाय आपलं एकही शिबिर, एकही मोर्चा होत नाही. आणि आपली बरीचशी गाणी उसन्या चालींवरची असतात. कधी सिनेमाची चाल, कधी भारुडाची, कधी ओवीची. दुसऱ्याच्या चालीत आपले शब्द घालायचे आणि गायचं, हे आपण वर्षानुवर्षं करत आलो. जात्यावरच्या ओवीचंही तेच. ती सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे गेली आणि प्रत्येकीनं तिच्यात आपली एक ओळ घातली. म्हणून उसनं घेतलेलं गाणं आपलं कधी होतं आणि कधी ते नुसतंच उसनं राहतं, हे आपल्याला ओळखता आलं पाहिजे. या दोन गाण्यांइतकं त्याचं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

पहिला आवाज

पहिलं गाणं ओटिस रेडिंगचं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यातला हा कृष्णवर्णीय गायक, जन्म १९४१ चा. १९६५ साली त्यानं हे गाणं लिहिलं आणि मेम्फिस शहरातल्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत गायलं. चाल वेगवान, ड्रमचा ठेका पाय आपटल्यासारखा, मागे भोंग्यांची जोरदार साथ.

गाण्यातली गोष्ट साधी आहे. पुरुष कामावरून घरी येतोय. तो घरच्या बाईला सांगतो की तुला हवं ते सगळं मी देतो, मी घरी नसताना तू वाटेल तशी वागलीस तरी मी चालवून घेईन, कमावलेला पैसाही तुझ्याच हातात आणून ठेवतो. माझं मागणं एवढंच, की मी घरी आलो की मला मान दे.

तुमच्यापैकी कितीतरी जणींना हे गाणं इंग्रजी न शिकताही पाठ आहे. ‘मी कमावून आणतो, मला घरात काही किंमत आहे की नाही?’ हे वाक्य आपल्या सल्ला केंद्रात आठवड्याला एकदा तरी ऐकू येतं.

पण हा पुरुष कोण आहे आणि तो कुठून घरी येतोय, हेही पाहायला हवं. १९६५ सालच्या अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय माणसाला घराबाहेर मान नव्हता. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला, १९६५ साली मतदानाच्या हक्काचा झाला. पण कायदा कागदावर आला म्हणून लोकांची तोंडं बदलत नाहीत. तिथे गोऱ्यांना ‘मिस्टर’, ‘मिसेस’ म्हणायचं, आणि साठीच्या कृष्णवर्णीय माणसालाही ‘ए पोरा’ म्हणून हाक मारायची, अशी रीत होती. आपल्याकडे गावात वरच्या जातीचा पोरगा दलित म्हाताऱ्याला धोंडिबाचा ‘धोंड्या’ करून बोलवायचा, तीच ही रीत.

या हाक मारण्यावरून तिकडे एक खटला झाला, तो आपल्या प्रत्येकीला माहीत असावा. मेरी हॅमिल्टन नावाची नागरी हक्क चळवळीतली कृष्णवर्णीय कार्यकर्ती १९६३ साली अलाबामा राज्यातल्या एका कोर्टात साक्षीला उभी राहिली. सरकारी वकील तिला नुसतं ‘मेरी’ म्हणू लागला. तिनं सांगितलं, ‘मिस हॅमिल्टन’ म्हटल्याशिवाय मी उत्तर देणार नाही. न्यायाधीशानं कोर्टाचा अवमान केला म्हणून तिला ५ दिवसांची कैद आणि ५० डॉलर दंड ठोठावला. १९६४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ही शिक्षा रद्द केली. एका हाकेसाठी बाई तुरुंगात गेली आणि देशाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत भांडली. मान ही किती ठोस गोष्ट आहे, हे यावरून कळावं.

म्हणजे ओटिसच्या गाण्यातला पुरुष दिवसभर बाहेर ‘ए पोरा’ ऐकून घरी आलेला आहे. जो मान मालक देत नाही, रस्ता देत नाही, तो त्याला घरात बायकोकडून भरून हवा आहे. त्याचं दुःख खरं आहे. पण त्याची भरपाई करण्याचं काम त्यानं बाईवर टाकलं आहे. गिरणीत, नाक्यावर, ऑफिसात अपमान गिळून आलेला पुरुष घरात कसा ‘मान’ वसूल करतो, हे आपण रोज बघतो. आणि जी बाई तो देते, ती स्वतः दिवसभर काय ऐकून आली आहे, हे त्या गाण्यात कुणी विचारत नाही. त्या गाण्यात ती एक अक्षरही बोलत नाही.

हे गाणं चाललं. कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत ते ४ थ्या क्रमांकावर गेलं, सगळ्या देशाच्या यादीत ३५ व्या.

दुसरा आवाज

दोन वर्षांनी, १४ फेब्रुवारी १९६७ रोजी, न्यूयॉर्कमध्ये अटलांटिक कंपनीच्या स्टुडिओत अरीथा फ्रँकलिननं तेच गाणं गायलं. ती तेव्हा २४ वर्षांची होती. जन्म मेम्फिसचा, वाढली डेट्रॉइटमध्ये. वडील नावाजलेले धर्मोपदेशक, त्यांच्या चर्चमध्ये गात ती मोठी झाली. ती दहा वर्षांची व्हायच्या आतच आई वारली. बाराव्या वर्षी ती स्वतः आई झाली. १९६० पासून सहा वर्षं एका मोठ्या कंपनीसाठी ती गात होती, पण तिथे तिच्या आवाजाचं काय करायचं हे कुणाला नीटसं उमगलं नाही. अटलांटिकमध्ये आल्यावर तिला पियानोवर बसवलं आणि तिच्या पद्धतीनं गाऊ दिलं. तुम्ही ऐकलेल्या गाण्यातला पियानो तिचाच आहे.

एकानं गाऊन रेकॉर्ड केलेलं गाणं दुसऱ्यानं पुन्हा गायलं की त्याला तिकडे ‘कव्हर’ म्हणतात. एरवी कव्हर म्हणजे तेच गाणं, फक्त गळा वेगळा. अरीथानं तसं केलं नाही. ती ते गाणं आधीपासून कार्यक्रमांत गात होती. बहिणींबरोबर बसून तिनं ते उकललं आणि नव्यानं शिवलं. तिनं केलेले चार बदल मी तुमच्यापुढे मांडते.

पहिला बदल पैशाचा. ओटिसच्या गाण्यात पैसा पुरुषाचा, तो बाईला देतो आणि बदल्यात मान मागतो. अरीथाच्या गाण्यात बाई म्हणते, माझा सगळा पैसा मी तुला द्यायला निघाले आहे, तर घरी आल्यावर माझं जे देणं आहे ते मला दे. एका शब्दाची अदलाबदल, पण सगळं घर फिरलं. कमावणारी ती आहे. कृष्णवर्णीय बाया पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक, मुलं सांभाळणं करत आल्या होत्या. त्यांच्या कमाईवर घरं चालत होती, पण गाण्यात कमावणारा म्हटला की पुरुष. अरीथानं घरात होतं तेच गाण्यात आणलं. आपल्या बचत गटातली बाई कर्ज काढते, नवऱ्याच्या हातात देते आणि हप्ता स्वतः फेडते. तिला हा बदल समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरा बदल निष्ठेचा. ओटिसचा पुरुष उदार होऊन सांगतो, माझ्या माघारी तू चुकलीस तरी चालेल. अरीथाची बाई म्हणते, तुझ्या माघारी मी चुकीचं वागणार नाही, आणि त्याचं कारण हे की मला स्वतःलाच तसं वागायचं नाही. तुझ्या धाकानं नव्हे, तुझ्या परवानगीनंही नव्हे. पातिव्रत्याच्या पोथ्या ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांनी इथे जरा थांबावं. चांगलं वागणं हा तिचा स्वतःचा निर्णय आहे, म्हणून ते कुणाच्या मालकीचं होत नाही. तिची निष्ठा म्हणजे तिच्या गळ्यातली दोरी नव्हे.

तिसरा बदल दाराचा. पहिल्या गाण्यातला पुरुष मागत राहतो, जवळजवळ विनवत राहतो. दुसऱ्या गाण्यातली बाई शेवटाकडे एक साधी सूचना देऊन ठेवते की एखाद्या दिवशी तू घरी येशील आणि मी गेलेली असेन. ओरडून नाही, शिव्या देऊन नाही. पण तेवढ्यानं मागणीला वजन येतं. दार कुठे आहे हे जिला माहीत आहे, तिच्या मागणीला जग उत्तर देतं. निघून जायची वाट नसेल तर मान मागणं ही नुसती याचना ठरते.

चौथा बदल झीलकरणींचा. आपल्याकडे तमाशात, भजनात, भारुडात झील धरणारे असतात, तसं अरीथाच्या मागे तिच्या बहिणी कॅरोलिन आणि अर्मा यांनी झील धरली आहे. ओटिसच्या गाण्यात मागे पुरुष आहेत आणि ते नुसता हुंकार भरतात. अरीथाच्या मागच्या बाया बोलतात. ती एक ओळ टाकते, त्या ती उचलून धरतात, ढकलतात, पुढे नेतात. त्यामुळे एकीचं घरातलं भांडण राहत नाही, अख्ख्या आळीचं होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘रिस्पेक्ट’ या शब्दाची सातही अक्षरं एकेक सुटी करून म्हणण्याचा तो तुकडा. मूळ गाण्यात तो नाहीच, तो अरीथाच्या रेकॉर्डनं आणला. ऐकणाऱ्याला शब्द माहीत नाही असं धरून चालायचं आणि साक्षरता वर्गातल्यासारखा तो गिरवून घ्यायचा! आज ते गाणं म्हटलं की जगाला आठवतात ती ही सुटी अक्षरं.

चालीतही बदल आहे. मूळ गाण्याला मधला तुकडा नव्हता. तो नवा घालून किंग कर्टिसचा सॅक्सोफोन आणला, आणि त्या तुकड्याची स्वरसंगती सॅम आणि डेव्ह या जोडीच्या दुसऱ्याच एका गाण्यातून घेतली. म्हणजे उसनवारीत उसनवारी.

१९६७ च्या जूनमध्ये हे गाणं देशाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत ८ आठवडे पहिलं राहिलं. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियात माँटेरे इथे मोठा संगीत महोत्सव झाला. तिथे ओटिसनं आपलं गाणं गाण्याआधी हसत हसत सांगितलं की हे गाणं एका मुलीनं माझ्याकडून नेलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विमान अपघातात तो गेला, अवघ्या २६ व्या वर्षी.

अरीथानं गायल्यावर हे गाणं घरात मावेना. नागरी हक्कांच्या चळवळीनं ते घेतलं, कारण सगळा समाज तेच मागत होता. बायकांच्या चळवळीनं घेतलं. अमेरिकेतली नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन ही संघटना आदल्याच वर्षी, १९६६ साली, स्थापन झाली होती. जो ‘मान’ ओटिसच्या गाण्यात एका पुरुषाला एका बाईकडून हवा होता, तो आता एकाच वेळी दोन ठिकाणी मागितला जात होता, घरात नवऱ्याकडे आणि बाहेर देशाकडे. गंमत बघा, वंशावरून होणारा अपमान आणि बाई म्हणून होणारा अपमान दोन्ही सोसलेली जी होती, तिच्याच तोंडून हे गाणं सगळ्यांचं झालं. ‘आधी समाजाचा प्रश्न सोडवू, बायकांचं नंतर बघू’ असं ज्यांना ऐकावं लागतं, त्या माझ्या दलित आणि आदिवासी मैत्रिणींनी हे लक्षात ठेवावं.

उलटा प्रवास

आता एक उलटं उदाहरण. पुरुषाचं गाणं बाईनं घेतलं की काय होतं ते पाहिलं. बाईचं गाणं पुरुषानं घेतलं तर?

‘हाउंड डॉग’ हे गाणं एल्विस प्रेस्लीचं म्हणून जगाला माहीत आहे. पण ते लिहिलं गेलं बिग ममा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेसाठी. लिबर आणि स्टोलर ही दोन गोरी पोरं त्याचे कर्ते. तिनं ते १९५२ साली गायलं, १९५३ साली ते बाजारात आलं आणि कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत ७ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. तिच्या गाण्यात एक बाई आयतोबा पुरुषाला दाराबाहेर काढते. तुझं गोड बोलणं मला कळतं, आता इथे खायला मिळणार नाही, असा सगळा नूर.

१९५६ साली प्रेस्लीनं ते गायलं, पण त्याच्यापर्यंत येता येता शब्द बदलले होते. एका करमणूक करणाऱ्या वाद्यवृंदानं त्यातला बाईचा राग काढून टाकला आणि खऱ्याखुऱ्या कुत्र्याची, सशाची गंमत घातली होती. प्रेस्लीनं तेच रूप घेतलं. चाल राहिली, जोश राहिला, बाई मात्र गेली. कोण कुणाला घराबाहेर काढतंय हेच उरलं नाही. ते ११ आठवडे देशात पहिलं होतं. थॉर्नटननं पुढे सांगितलं की तिला त्या गाण्याचा ५०० डॉलरचा एक चेक मिळाला, तेवढाच. १९८४ साली ती गरिबीत वारली. ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’नं तिचं नाव घेतलं ते २०२४ साली, ती जाऊन ४० वर्षं झाल्यावर.

प्रेस्ली वाईट गायला असं मला म्हणायचं नाही. पण उसनं घेणारा बलवान असेल आणि जिच्याकडून घेतलं ती दुबळी असेल, तर आधी तिची तक्रार पुसली जाते आणि मग तिचं नाव.

मान आणि धन

अरीथाचं नाव पुसलं गेलं नाही. १९८७ साली त्याच हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळवणारी ती पहिली बाई. २०२१ साली ‘रोलिंग स्टोन’ मासिकानं सार्वकालिक ५०० गाण्यांची यादी केली, तेव्हा तिचं ‘रिस्पेक्ट’ पहिल्या क्रमांकावर होतं. मान भरपूर मिळाला. पण धन?

अमेरिकेच्या कायद्यानं साध्या रेडिओवर गाणं वाजलं की मोबदला गाणं लिहिणाऱ्याला आणि त्याच्या प्रकाशकाला मिळतो. गाणाऱ्याला त्यातून काही देणं रेडिओवर बंधनकारक नाही. गाण्याचा कर्ता म्हणून नाव एकट्या ओटिस रेडिंगचं. म्हणजे गेली पन्नासहून अधिक वर्षं अमेरिकेतल्या रेडिओवर अरीथाचं ‘रिस्पेक्ट’ जितक्या वेळा वाजलं, तितक्या वेळा पैसे ओटिसच्या वारसांकडे गेले. तिनं फिरवलेल्या ओळी, बहिणींची झील, ती सुटी सात अक्षरं, यांची कायद्यात नोंदच नाही. इंटरनेटवरच्या आणि उपग्रहाच्या रेडिओसाठी गाणाऱ्यांचा हक्क १९९५ च्या कायद्यानं मान्य झाला, पण १९७२ पूर्वीच्या रेकॉर्डना तो स्पष्टपणे लागू झाला ऑक्टोबर २०१८ मध्ये. अरीथा १६ ऑगस्ट २०१८ रोजी गेली. दोन महिनेही झाले नव्हते.

ती मात्र हिशेबाला पक्की होती. कार्यक्रमाचे पैसे आधी रोख घ्यायची, मगच गायची, आणि पैशांची पर्स रंगमंचावर नजरेसमोर ठेवायची. लोक याला नखरा म्हणायचे. तिच्या आधीच्या किती कृष्णवर्णीय कलावंतांना गाऊन झाल्यावर ठेकेदारांनी हात हलवत परत पाठवलं होतं, हे माहीत असलेल्या बाईचा तो शहाणपणा होता.

घरातलंही सांगायला हवं. तिचा पहिला नवराच तिचा व्यवस्थापक होता. १९६८ साली ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ती झळकली, तेव्हा आतल्या लेखात त्यानं तिला चारचौघांत धक्काबुक्की केल्याचा उल्लेख होता. तो लेख तिला आवडला नाही, आणि पुढेही ती या विषयावर फारशी बोलली नाही. १९६९ साली तिनं घटस्फोट घेतला. सगळ्या देशाला मान या शब्दाची अक्षरं गिरवून देणाऱ्या बाईच्या घरात हे चालू होतं. तेव्हा मंचावर जोरात घोषणा देणारी आपली कार्यकर्ती घरी मार खात असेल तर तिला ढोंगी म्हणू नका. तिला दाराकडे जायला मदत करा.

हा पैशाचा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. आपल्या लता मंगेशकरांनी १९६० च्या दशकात गायकांना रेकॉर्डच्या विक्रीतला वाटा मिळावा म्हणून आवाज उठवला. एकदा मेहनताना घेतला की संपलं, असं मानणाऱ्या मोहम्मद रफींशी त्यांचं बिनसलं आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. त्याच लताबाईंच्या १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव म्हणून ‘कामिनी’ हे पात्राचं नाव छापलं होतं! गायक-वादकांना व्यावसायिक वापरातून रॉयल्टीचा हक्क आपल्या कायद्यात आला तो २०१२ च्या दुरुस्तीनं.

आता आपल्या मराठी शब्दाकडे येऊ. ‘मान’ हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांचा आहे. आदर तो मान, आणि डोकं जिच्यावर उभं असतं तीही मान. बाईला शिकवलं जातं ते दुसरी मान खाली घालायला, म्हणजे घराण्याचा पहिला मान राखला जातो. लग्नात ‘मानपान’ असतो तो वरपक्षाचा. नवऱ्याला ‘अहो’, बायकोला ‘अगं’. आणि सगळ्यात हुशार शब्द म्हणजे ‘मानधन’.

आपल्यात अंगणवाडी सेविका बसल्या आहेत, आशाताई आहेत. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाडीताई काम करते ते मानधनावर. पगार नाही, वेतन नाही, मानधन. कारण ती म्हणे ‘सेवा’ करते. पोरांचं वजन, पोषण आहार, नोंदवह्या, सर्वेक्षण, निवडणूक आली की आणखी कामं, आणि या सगळ्याला वेतन म्हटलं तर हक्क लागू होतील, म्हणून नाव मानाचं. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असा निकाल दिला. त्यासाठी बायकांना गुजरातमधल्या दाहोदपासून दिल्लीपर्यंत जावं लागलं. मेरी हॅमिल्टनला हाकेसाठी जावं लागलं, यांना हिशेबासाठी.

म्हणून अरीथाच्या गाण्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे तिनं मान आणि पैसा एकाच ओळीत ठेवले. माझं धन तुझ्या हातात जातंय, तर माझं देणं दे. आपल्याला मात्र बहुतेक वेळा यातलं एक दाखवून दुसरं नाकारलं जातं. ८ मार्चला साडी-श्रीफळ देऊन सत्कार होतो आणि तीन महिन्यांचं मानधन थकलेलं असतं. ‘तुम्ही तर घरच्या लक्ष्मी’ म्हणतात आणि सातबाऱ्यावर नाव लावायची वेळ आली की तोंड फिरवतात.

गाणं घेताना

तेव्हा यापुढे आपण कुठलंही गाणं मोर्च्यासाठी, पथनाट्यासाठी, गटाच्या बैठकीसाठी घेऊ, तेव्हा त्याला चार प्रश्न विचारूया. यात बोलतंय कोण, आणि जिच्याबद्दल बोललं जातंय तिला तोंड आहे का? पैसा कुणाचा, कष्ट कुणाचे? दार आहे का, की नुसती विनवणी आहे? आणि झील धरणाऱ्या बाया नुसत्या हुंकार भरतात, की त्यांनाही बोलायला ओळी आहेत? उत्तर पटलं नाही तर गाणं टाकून द्यायची गरज नाही. अरीथानं ओटिसचं टाकलं नाही. तिनं त्यात शब्द फिरवले, आपल्या बहिणी उभ्या केल्या आणि ते आपलं करून सोडलं.

पाचवी गोष्ट आपल्या स्वतःसाठी. आपली गाणी आपण चक्रमुद्रित कागदावर काढत आलो, आता मोबाइलवर पाठवतो. त्याखाली बहुतेक वेळा काही लिहिलेलं नसतं, किंवा ‘पारंपरिक’ एवढंच असतं. ज्या ताईनं बैठकीत बसल्या बसल्या ती ओळ घातली, तिचं नाव, तिचं गाव तिला विचारून लिहा. तिला नको असेल तर नका लिहू, पण विचारा. चळवळीतही बाईचं काम बिननावाचं राहत असेल, तर बाहेरच्यांना बोलायचा आपल्याला काय अधिकार?

दुपारच्या सत्रात प्रत्येक गटानं आपल्या भागात लग्नात, हळदीला किंवा बारशाला म्हटलं जाणारं एक गाणं निवडायचं आहे. आधी ते आहे तसं म्हणून दाखवा, मग हे प्रश्न विचारून त्यात काय बदलायचं ते ठरवा. चाल बदलू नका, चाल लोकांच्या ओठांवर आहे. आणि ज्या गटानं जी ओळ बदलली ती का बदलली, हे सांगायला गटातली सगळ्यात कमी बोलणारी बाई उभी राहील, एवढी एक अट. आपली नेहमीची बोलकी मंडळी झील धरतील.